दत्तूकाकाची आंघोळ

आधीच सांगून ठेवतो... भूतखेत, मूठ, देवचार, चकवा यांतल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता, आणि आजही फारसा नाही. आपल्या मासिकातलं हे सदर मी दर महिन्याला वाचतो, पण चहाबरोबर भजी खावीत तसं वाचतो. निम्म्या अनुभवांत पांढऱ्या साडीतली बाई असते, आणि उरलेल्या निम्म्यांत सांगणाऱ्याने आदल्या संध्याकाळी काय घेतलं होतं ते लिहायचं राहून गेलेलं असतं. मी बंदर खात्यातला कारकून. दिवसभर बोटी, गलबतं, त्यांचे तांडेल आणि त्यांच्या तक्रारी. घरी येईपर्यंत माणूस एवढा शिणलेला असतो की भुतांसाठी अंगात त्राण उरत नाही.

तरीही लिहायला बसलोय, कारण माझी काकी गेल्या श्रावणात गेली. ती असेपर्यंत हे चारचौघांत मांडणं बरं दिसलं नसतं. तेव्हा हजर असलेल्यांपैकी आता मी आणि माझी आई एवढेच उरलोय, आणि आईला त्या दिवसाची आठवण काढलेली आवडत नाही.

गाव धामापूर, तालुका मालवण, जिल्हा रत्नागिरी. मालवणहून दहाएक मैल आत. तिथलं तळं आणि तळ्याकाठचं भगवतीचं देऊळ बहुतेकांना ठाऊक असतं. आमचं घर तळ्यापासून थोडं वर, सुपारीच्या बागेला लागून आहे. समुद्र तिथून दिसत नाही, ऐकू येत नाही, वाराही खारा नसतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण 'किनाऱ्यावर असं काहीबाही वाहून येतंच' हे शहाणपण मला आजवर पुष्कळांनी शिकवलंय.

दत्तूकाका म्हणजे माझ्या वडिलांचा, तात्यांचा, धाकटा भाऊ. हाताने फार चांगलं शिवायचा. शेतात त्याचं मन रमेना म्हणून मुंबईला गेला आणि फोर्टात एका शिंप्याकडे कामाला लागला. लग्न झाल्यावर काकीला आमच्याकडे ठेवून तो पुन्हा मुंबईला गेला, तेवढ्यात युद्ध सुरू झालं. गोऱ्या आरमाराला माणसं पुरवणारा एक कंत्राटदार होता, त्याच्या माणसांत काका मिसळला. ऑफिसरांचे कपडे शिवायचे, दुरुस्त करायचे, पगार दुप्पट. त्याचं शेवटचं पत्र कोलंबोहून आलं... आता आम्हाला एका मोठ्या मनवारीवर चढवलंय, आख्खं धामापूर गुरावासरांसकट तिच्यात मावेल, काळजी नसावी. आमच्याकडे लढाऊ जहाजाला मनवार म्हणतात. त्या मनवारीचं इंग्रजी नाव आमच्या घरात कुणालाच कधी धड उच्चारता आलं नाही, म्हणून शेवटपर्यंत ती नुसती मनवारच राहिली.

पुढे मी मुंबईला गोदीत नोकरीला असताना लायब्ररीत बसून तिच्याबद्दल वाचलं. बॅटलक्रूझर जातीचं जहाज, पहिल्या महायुद्धात बांधलेलं. तोफा मोठ्यात मोठ्या, पण वेगासाठी अंगावरचं चिलखत पातळ ठेवलेलं. म्हणजे मारायला भीम आणि मार खायला आमच्यासारखी. एक्केचाळीसच्या डिसेंबरात मलायाच्या समुद्रात जपानी विमानांनी तिला बुडवलं, तिच्या जोडीच्या नव्या जहाजालाही बुडवलं. त्या दिवसांत तात्यांनी मालवणात ही बातमी पेपरात वाचली होती, पण आपली मनवार ती हीच का, हे कोण सांगणार? काका कंत्राटदाराचा माणूस. आरमाराच्या दप्तरी त्याचं नाव नाही, आणि कंत्राटदाराने तर मुंबईतला गाशाच गुंडाळलेला. थोड्याच दिवसांत सिंगापूर पडलं आणि विचारायला माणूसच उरला नाही.

मग जो तो आपापली बातमी घेऊन यायचा. कुणी म्हणे जपान्यांच्या कैदेत आहे. कुणी म्हणे रंगूनच्या बाजारात बघितला, दाढी वाढलीय. एकाने तर सिंगापुरात दुसरा संसार थाटलाय असंही आणून सांगितलं. काकी तेव्हा तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बसले आसतीत तर बसांदेत. पण कळवूक व्हया."

बारा वर्षं ही बाई अशी राहिली. कपाळाला कुंकू, पण हळदीकुंकवाला बोलावलंच तर बायका कुंकवाचं बोट तिच्या कपाळाशी नेताना जरा थबकायच्या. वटपौर्णिमेला तिने दोरा बांधला की मागून कुजबुज. मंगळागौर, डोहाळजेवण, मुंज... सगळीकडे ती स्वयंपाकघरात चुलीपुढे. सवाष्ण म्हणून पाटावर बसवायला कुणी धजत नसे आणि विधवा म्हणून बाजूला सारायचीही सोय नव्हती. घरी रोजच्या जेवणात ती एका माणसाचा भात जास्त लावायची. तो रात्री उरायचा आणि सकाळी ती स्वतःच पेज करून प्यायची. मुंबईहून सुट्टीवर आलो की मला ते बघवत नसे. मी शिकलेला, 'काकी, हे सोड आता' असं सांगणं सोपं होतं, आणि सोडून काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं.

त्रेपन्न साल संपता संपता, म्हणजे बारा वर्षं पुरी झाल्यावर, काकी आपणहून तात्यांसमोर येऊन उभी राहिली. थोरल्या दिराशी ती एरवी समोरासमोर बोलत नसे, काही सांगायचं तर आईमार्फत. त्या दिवशी आम्ही जेवत होतो. मी तोवर मालवणच्या बंदरात बदलून आलो होतो आणि रविवारी घरी यायचो. तिने वाढता वाढता भांडं खाली ठेवलं.

"भावजीनू," ती म्हणाली, "बारा वर्सां झाली. आता तेंका मोकळे करा. आनि माकाय. मी दमलंय."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माणूस बारा वर्षं बेपत्ता असला, देह मिळाला नाही, की पळसाच्या पानांचा पुतळा करतात. डोक्याच्या जागी नारळ, वरून पिठाचा लेप, दर्भाच्या दोऱ्यांनी बांधलेला. त्या पुतळ्याला खऱ्या देहासारखाच अग्नी द्यायचा, मग दिवस, मग श्राद्ध. तोवर बायको सवाष्ण. काकी हेच मागत होती. सगळं गाव जे कपाळावरचं जपायला धडपडतं, ते पुसून टाका असं ती स्वतः सांगत होती, कारण वाट बघणं तिला आता झेपत नव्हतं.

तात्या ताटावरून उठले. "जित्या माणसाक जाळू मी?" एवढंच बोलले आणि बागेत निघून गेले. तात्यांचं भावावर फार प्रेम. दत्तू परत आला आणि आपण त्याचं बारावं जेवून बसलेलो, ह्या कल्पनेनेच त्यांना घाम फुटायचा. दामूभटजींनी त्यांची समजूत घातली की शास्त्राने त्याचीही सोय केलेली आहे. माणूस परत आलाच तर त्याला तुपाच्या घागरीने न्हाऊ घालायचं, जन्मल्यासारखे सगळे संस्कार पुन्हा करायचे, नामकरण, मुंज, आणि त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. हे ऐकून काकी कितीतरी दिवसांनी हसली. ह्या वयात परत बोहल्यावर चढायचं म्हणजे गुडघ्याला आधी तेल लावावं लागेल, असं आईला म्हणाली.

तात्यांनी मग आमच्याकडचा शेवटचा उपाय केला, ग्रामदेवतेला कौल लावला. मूर्तीला कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. 'दत्तू जिवंत आहे का' हा प्रश्न. सकाळपासून दुपार झाली, कुठलीच कळी हलेना. लावणारा घामाघूम झाला, तात्या उपाशी, मी घड्याळ बघतोय. शेवटी सगळे उठून घरी आले. काकीने विचारलं नाही, तात्यांच्या चेहऱ्यावरून समजून गेली. "देवीय दमली आसतली," म्हणाली. त्यानंतर तात्यांनी विरोध सोडला, निदान बोलून तरी दाखवला नाही.

थोरल्याने धाकट्याला अग्नी देऊ नये म्हणतात, आणि काकाला मूलबाळ नव्हतं. म्हणून कर्ता मी. माघातली अमावास्या ठरली. माघात पळस उघडा पडत आलेला असतो, पानं शोधायला मला पेंडूरच्या माळापर्यंत जावं लागलं. सकाळी उन्हं अंगणात आल्यावर भटजींनी माझ्याकडून पुतळा करून घेतला. पानं मी आणलेली, दोरे मी बांधलेले, नारळ आमच्याच माडाचा, पीठ आईने दळलेलं. लेप दिल्यावर पुतळा पांढरा फेक दिसत होता. मी तो एका हाताने उचलून खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणातच, केळीच्या पानावर ठेवला. वजन ते काय, पानांचा भारा. मनात माझ्या एकच विचार होता, हे लवकर आटपावं आणि ह्या बाईला झोप लागावी.

भटजी संकल्प सांगत होते, मी समोर बसलो होतो, आणि पुतळा आमच्या मधे. कुणी तिथून उठलं नाही, कुणी बाहेरून आलं नाही. भर उजेड होता. पहिल्यांदा मला वास आला.

गोदीत काम केलेल्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही. मोठ्या बोटीच्या इंजिनखोलीचं दार उघडलं की जो अंगावर येतो तो. घॉशलेट नव्हे, डांबरही नव्हे. फर्नेस ऑइल... बॉयलरखाली जाळतात ते जाड काळं तेल. मला वाटलं आपल्याच कपड्यांना येतोय, पण अंगावर नुसतं सोवळं होतं, सकाळी विहिरीवर नेसलेलं. भटजीही मंत्र म्हणता म्हणता नाक उडवायला लागले. मग मी खाली बघितलं. नारळावरचा लेप तपकिरी होत चालला होता. बघता बघता तो काळा झाला, आणि तो काळेपणा छातीवर, हातांवर, पायांपर्यंत उतरला. तेल बाहेरून पडत नव्हतं, आतून पाझरत होतं. केळीचं पान भरून ते खळ्यातल्या शेणाच्या जमिनीवर ओघळलं.

मी हात लावला. दोन्ही तळवे काळे झाले. बोटं एकमेकांना चिकटली.

भटजी मंत्र सोडून मागे सरकले होते. "असं पोथीत नाही," म्हणाले. वाईट माणूस नव्हता तो, पण पोथीत नसलेलं काही बघायची त्याला सवय नव्हती. त्यांनी सुचवलं की हा पुतळा लांब नेऊन टाकावा आणि नवा करावा, पानं उरलीच आहेत.  तात्यांचं म्हणणं वेगळंच होतं... हा इशारा आहे, दत्तू जिवंत आहे, त्याला जाळू नका म्हणून देव सांगतोय, आजच काय, कधीच हे करायचं नाही. मी माझे काळे तळवे जमिनीला पुसत बसलो. शिकलेला माणूस अशा वेळी किती निरुपयोगी असतो ते मला तेव्हा कळलं.

एव्हाना आई आणि काकी आतून बाहेर आल्या होत्या. काकी पुढे आली, उकिडवी बसली. नारळावर एक बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. घाबरलेली नव्हती ती. शाळेतून चिखलात लोळून आलेल्या पोराकडे आया बघतात, तसं काहीतरी तिच्या डोळ्यांत होतं. आईला तिने पाणी तापत ठेवायला सांगितलं.

तात्या ओरडले नाहीत, पण त्यांनी तिला हात लावू नको म्हणून बजावलं. भटजींनीही सांगितलं की पुतळ्याला आंघोळ नसते, दर्भाने पाणी शिंपडलं की झालं, आणि खरा देह असता तरी पुरुषाला बायकोने न्हाऊ घालायची रीत नाही. शिवाय लेप धुतला तर पानं सुटतील, मग अग्नी कशाला देणार? काकीने सगळं ऐकून घेतलं.

"भावजीनू," ती म्हणाली, "बारा वर्सांनी दारात इले आसत. अशेच धाडू?"

 तात्या पायरीवर बसले आणि त्यांनी तोंड पंच्यात झाकून घेतलं.

फणसाचा चीक हाताला लागला की आम्ही आधी खोबरेल चोळतो, साध्या पाण्याने तो कधी जात नाही. काकीने तेच केलं. तेलाची बुधली आणली, ओंजळीत तेल घेतलं आणि डोक्यापासून चोळायला सुरुवात केली. मग शिकेकाई, मग कढत पाणी. मला तिने पुतळा धरायला लावलं. मी त्याच्या खांद्याखाली हात घातले... आणि इथे मला लिहिताना अजूनही अडखळायला होतं. सकाळी मी तो एका हाताने उचलला होता. आता मला तो पेलवेना. दोन्ही हातांनी, गुडघा टेकून, मी कसाबसा धरून ठेवला होता. पानं भिजली म्हणून जड झाली म्हणाल, तर भिजलेली पानं मीही उचललेली आहेत.

काकी कुठेच घाई करत नव्हती. मानेमागे, काखेत, बोटांच्या जागी. नारळाच्या दोन्ही बाजूंना, जिथे माणसाला कान असतात तिथे, तिने पदराचं टोक पिळून आत फिरवलं. तोंडात काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं देवाचं नाव घेतेय. नंतर कळलं, ती घरातल्या गोष्टी सांगत होती. पाडी व्याली, पलीकडची विहीर बुजवली, शरद नोकरीला लागला, तोच तुम्हाला धरून बसलाय. काळं पाणी खळ्यातून वाहत माडाच्या आळ्यात जात होतं. आई एकावर एक हंडे तापवत होती आणि रडत होती. शेवटी पाणी स्वच्छ यायला लागलं. लेप सगळा गेला होता, आणि खाली पानं हिरवीगार, एकही सुटलं नव्हतं. काकीने पदराने त्याचं तोंड टिपलं. मग उठली, कमरेवर हात ठेवून जरा उभी राहिली आणि म्हणाली की आता न्या.

व्हाळाकाठी, म्हणजे ओढ्यावर, नेताना तात्यांना हात लावावा लागला, मला एकट्याला जमेना. ओल्या पानांना आग लागणार नाही ह्या भीतीने मी घॉशलेटची बाटली बरोबर घेतली होती. ती उघडावीच लागली नाही. अग्नी दिला आणि पुतळा वाळक्या झावळीसारखा पेटला.

घरी येईपर्यंत शेजारच्या बायकांनी काकीच्या बांगड्या उतरवल्या होत्या, कुंकू पुसलं होतं. त्याही रडत होत्या, काही मनापासून. काकी रडली नाही. भिंतीशी चटई टाकून ती आडवी झाली आणि झोपली ती दुसऱ्या दिवशी उन्हं चढेपर्यंत. दिवसाउजेडी झोपलेली काकी मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. त्या संध्याकाळपासून तिने मोजकाच भात लावायला सुरुवात केली.

आता तुम्ही विचाराल, चौकशी केली का? केली. पुतळ्याचं तेल पुसलेला एक फडका मी मालवणला नेऊन आमच्या लाँचच्या ड्रायव्हरला दाखवला. त्याने वास घेऊन सांगितलं, मोठ्या बोटीचं बॉयलरचं तेल आहे, इथे कुठून आणलंस? आमच्या किनाऱ्याच्या बोटी तेव्हा कोळशावर चालायच्या. गावात मोटार यायची ती लांब रस्त्यावर थांबायची, आणि तिचं तेल इतकं जाड नसतं. नारळ कुजका म्हणाल, तर कुजका नारळ मी कोकणी माणूस ओळखेन. पळसाला डिंक येतो, तो लाल. कुणी चेष्टा केली म्हणाल, तर पानं मी माळावरून आणल्यापासून माझ्या नजरेखाली होती, आणि मृत माणसाच्या पुतळ्यात तेल भरून ठेवण्याइतका रिकामटेकडा आमच्या गावात त्या वेळी कुणी नव्हता. फडका पुढे आईने चुलीत घातला. मी तिला दोष देत नाही.

हे सगळं मी एकदाचं विसरून गेलो असतो. पण बंदरात काम करतो म्हटल्यावर येणाऱ्या प्रत्येक जुन्या दर्यावर्दीला मी त्या मनवारीबद्दल विचारत असे, सवयच लागली होती. दहा वर्षं कुणाला काही माहीत नव्हतं. मग माझी वेंगुर्ल्याला बदली झाली आणि एक दिवस पास्कू नावाचा म्हातारा गोयंकार, बोटीवरचा निवृत्त वाढपी, कसल्याशा दाखल्यासाठी ऑफिसात आला. मी सवयीने विचारलं. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

तो त्याच मनवारीवर होता. दत्तू शिंप्याला चांगलं ओळखत होता, त्याच्या सदऱ्याला काकाने लावलेली बटणं अजून तुटली नाहीत म्हणाला. दुपारचं जेवण व्हायची वेळ होती. विमानं लाटेमागून लाट येत होती, आणि ती म्हातारी मनवार एवढं धूड घेऊन कितीतरी वेळ त्यांचे वार चुकवत होती. एकदा लागले मात्र, आणि काही मिनिटांत कलंडली. माणसं तिच्या अंगावरून घसरत खाली आली ती पाण्यात नव्हे, तेलात. टाक्या फुटून समुद्रावर तेलाचा जाड थर पसरला होता. डोळ्यांत तेल, कानांत तेल, श्वास घ्यावा तर तोंडात तेल. बरोबरच्या लहान जहाजाने पास्कूला आणि काकाला, दोघांनाही वर ओढून घेतलं. काका जिवंत होता. पण तेल पोटात, छातीत गेलं होतं. सिंगापूर दिसायच्या आत गेला. जहाजावर इतकी माणसं पडली होती की मेलेल्यांना कोण धुणार, कोण पुसणार? कॅनव्हासमध्ये तसाच गुंडाळून पाण्यात सोडला.

"म्हाका म्हणालो, पास्कू, तोंड पूस रे," म्हातारा सांगत होता. "म्हजेच हात काळे. पुसता तितलो तो चड काळो जाता. म्हाका तेचें तोंड पुसपाक जमलें ना."

एवढ्या वर्षांत त्याने हे घरीही सांगितलं नव्हतं. आमच्याकडे काय झालं ते मी त्याला त्या दिवशी सांगितलं नाही. काकीला आधी सांगायला हवं होतं, आणि सांगावं की नाही हेही ठरत नव्हतं. दहा वर्षं ती नीट झोपत होती. तिला कशाला सांगायचं की तो बुडून चटकन गेला नाही, तडफडून गेला? दोन महिने मी टाळाटाळ केली.

शेवटी सांगितलं. काकी मागच्या दारी सुपाऱ्या सोलत बसली होती. मी काही लपवलं नाही, तोंड पुसण्याचंही सांगितलं. तिने अडकित्ता बाजूला ठेवला.  मला वाटलं रडेल, किंवा विचारेल की फार त्रास झाला का. तिने विचारलं ते पास्कूबद्दल. त्याला बायको आहे का, मुलं बघतात का, तब्येत कशी आहे. आणि मग म्हणाली, "तेका सांग, तेंचा तोंड मी पुसलंय. तेना आता जिवाक लावन घेव नको."

निरोप मी पोचवला, पुतळ्याच्या सगळ्या हकीकतीसकट. पास्कू हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. आपले दोन्ही तळवे उलटसुलट करून बघितले आणि विचारलं की दत्तू हिंदू होता, तरी त्याच्या नावाने चर्चमध्ये मीस, म्हणजे त्यांची प्रार्थना, म्हटली तर घरच्यांना चालेल का. इतकी वर्षं त्याला ते धाडस झालं नव्हतं. काकी म्हणाली, चालेल.

तर असं आहे. मनवारीवर काय घडलं ते पास्कूने सांगितलं, पण आमच्या खळ्यात जे घडलं त्याचा उलगडा त्याने होत नाही. मलायाच्या समुद्रातलं तेल बारा वर्षांनी धामापूरच्या पळसाच्या पानांतून कसं पाझरतं? मी खूप डोकं शिणवलं. विज्ञानाच्या मास्तरांना विचारलं, एका डॉक्टरला विचारलं, एका बुवालाही विचारलं, आणि तिघांनीही मला सारखंच वाटेला लावलं. काही दिवसांपूर्वी विचार करायचाही कंटाळा आला आणि सोडून दिलं.

काकीला हा प्रश्न कधी पडलाच नाही. मरणाआधीच्या उन्हाळ्यात मी तिच्याजवळ बसून पुन्हा तेच उगाळत होतो, तेल आलं कुठून, वजन वाढलं कसं. ती थकली होती, डोळे मिटलेलेच होते. मला वाटलं झोप लागली. मग तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"तेल खंयसून इला, ह्या तुका व्हया," ती म्हणाली. "माका माझो माणूस व्हयो होतो. तो गावलो."